बरं आहे ना?

"कसं काय, बरं आहे ना?" या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर आहे : "बरं आहे." दुसरं काही सांगितलं की विचारणारा गोंधळतो. एकदा आमच्या हेडकॅशियरसाहेबांनी जिन्यात मला हा प्रश्न केला आणि त्या दिवशी दाढ ठणकत असल्यामुळे मी खरं उत्तर द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या पायरीवरच त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्याकडे हातउसने पैसे मागतोय. तेव्हापासून मी शहाणा झालो. दाढ ठणको, हप्ता चुको, की दिवसअखेरीस कॅश न जुळो. आपलं बरं आहे.

मी बी.कॉम. आहे आणि गेली एकवीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. व्हाउचर असल्याशिवाय कोणतीही रक्कम पास करायची नाही, हे माझ्या हाडीमासी खिळलेलं आहे. पण "बरं आहे" हे विधान मात्र आपण सगळेच डोळे मिटून, व्हाउचरविना पास करतो. त्याचं ऑडिट कधी होत नाही. निदान होत नसावं, अशी माझी समजूत होती. ती समजूत माझ्या पुतणीनं मोडली, आणि तीही शेणाच्या साहाय्यानं.

ही पुतणी, म्हणजे दादाची धाकटी मुलगी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि संशोधनाला लागली. इथपर्यंत घरात सगळ्यांना अभिमान होता. पहिलं स्थळ सांगून आलं तेव्हा मुलाच्या आईनं पोह्यांची बशी हातात धरून विचारलं, "मुलगी नक्की काय करते हो?"

"रानात जाते," वहिनी म्हणाल्या.

"रानात जाऊन काय करते?"

वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. दादानं वर्तमानपत्र उचललं. बँकेतला माणूस म्हणून व्यवहाराचं बोलण्याची जबाबदारी अशा वेळी माझ्यावर येते. मी म्हटलं, "नमुने गोळा करते."

"कसले नमुने?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात पुतणीच आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "विष्ठेचे. जंगली जनावरांच्या. तुम्ही पोहे घ्या ना."

पोहे तसेच राहिले. स्थळही.

खरं म्हणजे या बाबतीत मराठी माणसानं नाक मुरडायचं काही कारण नाही. या पदार्थाला आपल्याइतकी मानमरातबाची नावं कोणी दिली असतील असं मला वाटत नाही. गाईम्हशीचं शेण, घोड्यागाढवाची लीद, शेळीमेंढीची लेंडी, पाखरांची शीट. ज्याचं त्याला. एकाचं दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. वाघाची मात्र गोष्ट आली की आपण एकदम संस्कृतचा आधार घेऊन ‘विष्ठा’ म्हणतो. वाघाच्या मागोमाग जाऊन काय पडलं ते वाकून बघण्याचं धैर्य आपल्या पूर्वजांनी फारसं दाखवलेलं दिसत नाही. ते काम आमच्या घराण्यात पुतणीकडे आलं.

"पण कशासाठी?" मी तिला विचारलं.

"वाघाला टेन्शन आहे का, ते बघायला."

मला हसू आलं. टेन्शन ही नोकरदारांची मिरास आहे, अशी माझी कल्पना. ज्याला लोकलचा पास काढावा लागत नाही, मुलांच्या अॅडमिशनसाठी उन्हात उभं राहावं लागत नाही, आणि ज्याच्या पुढ्यात कोणी केवायसीचा फॉर्म टाकत नाही, त्याला कसलं आलंय टेन्शन? पण पुतणीनं मला शांतपणे बसवलं आणि समजावलं. ते मला जसं समजलं तसं सांगतो. मला सगळं बँकेच्याच भाषेत समजतं, हे वाचकांनी सांभाळून घ्यावं.

संकट दिसलं की आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. माणूस असो, वाघ असो, की देवमासा. सस्तन प्राण्यांच्या शाखेत बहुतेकांकडे हीच सिस्टिम बसवलेली आहे. उंदरांमध्ये या द्रव्याचा थोडा वेगळा भाऊ हेच काम करतो. हे द्रव्य वाईट नव्हे. साठवणीतली साखर मोकळी करून ते हरणाला पळायला बळ देतं आणि वाघाला हरणामागे पळायलाही देतं. सकाळी आपल्याला अंथरुणातून उठवण्यातही त्याचा हात असतो. थोडक्यात, हा ओव्हरड्राफ्ट आहे. नडीला उचलावा आणि लवकर फेडावा. पण ओव्हरड्राफ्ट महिनोन् महिने चालूच राहिला तर जे दुकानाचं होतं तेच देहाचं होतं : दुरुस्तीला पैसा उरत नाही. रोगाशी झुंजणं, वाढणं, पिल्लं होणं, ही सगळी खाती आटत जातात.

"मग सरळ रक्त काढून तपासा की!" मी म्हटलं.

"काका, वाघाला पकडून सुई टोचली तर त्याला टेन्शन येणार नाही?"

हे मला एका क्षणात पटलं. आमच्या शाखेत इन्स्पेक्शनची माणसं पूर्वसूचना न देता दारात उभी राहतात, त्या क्षणी साऱ्या शाखेची नाडी मोजली तर काय दिसेल? आमचा शिपाई एरवी बैलपोळ्याच्या बैलासारखा निवांत असतो. तोसुद्धा त्या दिवशी पाण्याचा ग्लास सांडतो. त्यावरून इन्स्पेक्टरनं "ही शाखा कायम घाबरलेली असते" असा शेरा मारला तर तो खोटा ठरेल. शाखेला इन्स्पेक्टरचीच भीती वाटत होती. जनावराचंही तसंच. पकडल्यावर थोड्याच मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसॉल चढू लागतं, आणि मग आपण जनावराचा ताण मोजत नाही, आपल्या भेटीचा मोजतो.

या ‘ताण’ शब्दाच्या जन्माचीच अशी एक गोष्ट आहे. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञानं १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटं टिपण छापून या विषयाची मुहूर्तमेढ रोवली. रॉबर्ट सापोल्स्की हे पुढच्या पिढीतले शास्त्रज्ञ ती गोष्ट रंगवून सांगतात : सेल्ये मॉन्ट्रियलमध्ये उंदरांना कसलासा अर्क टोचत होता, आणि टोचण्यात त्याचा हात चांगला नव्हता. उंदीर हातातून निसटायचे, मग हा केरसुणी घेऊन त्यांच्यामागे. काही महिन्यांनी बघतो तर उंदरांच्या पोटात अल्सर. अर्काचा परिणाम म्हणून तो खूश झाला. पण ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, त्यांनाही अल्सर! अर्क निर्दोष होता. उंदरांना सेल्ये बाधला होता.

म्हणून शहाण्या लोकांनी दुसरी वाट शोधली. रक्तातलं कॉर्टिसॉल यकृतात मोडतं, त्याचे तुकडे पित्तातून आतड्यात उतरतात आणि शेवटी मागच्या दारानं बाहेर पडतात. जनावर निघून गेल्यावर जाऊन ते उचलायचं. त्यात गेल्या काही तासांची, कधी दिवसभराची सरासरी सापडते. रक्त म्हणजे या क्षणाची गल्ल्यातली रोकड. विष्ठा म्हणजे कालचं डे-बुक. आणि गळालेला केस मिळाला तर ते महिनोन् महिन्यांचं लेजर. जनावराला पत्ताही लागत नाही की आपला जमाखर्च तपासला गेला.

काम वाटतं तेवढं सोपं नाही. माल ताजा लागतो, कारण जंतू त्याच्यावर लगेच काम सुरू करतात. तो थंड ठेवायचा, नाहीतर अल्कोहोलमध्ये बुडवायचा. कोणाचा आहे, नराचा की मादीचा, ते डीएनएवरून ठरवायचं. मादी गाभण असली तरी आकडा चढतो, तो वेगळा काढायचा. शिवाय प्रत्येक जातीचं पचन निराळं, म्हणून आधी बंदिस्त जनावरांमध्ये ताण खरोखर विष्ठेत उमटतो का, याची खात्री करून घ्यायची. मी ऐकत होतो आणि मला प्रथमच वाटलं, की ही मुलगी आमच्याच खात्यातली आहे.

आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी बँकेच्या प्रवाससवलतीवर आम्ही सहकुटुंब कान्हाला गेलो होतो. पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीत बसून, अंगावर हॉटेलचं ब्लँकेट घेऊन आम्ही दोन तास धूळ खाल्ली, आणि मग वाघ दिसला. रस्त्याच्या कडेनं चालला होता. त्याच्या पुढेमागे मिळून अकरा जिप्सी होत्या. मी मोजल्या, मोजण्याची सवय जात नाही. वाघानं आमच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. "बघा, किती शांत आहे," मी हिला म्हटलं. "आपल्या मॅनेजरसाहेबांनी याच्याकडून शिकलं पाहिजे." सगळे हसले. वाघ चालत राहिला.

हे मी पुतणीला मोठ्या कौतुकानं सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नेमका हाच हिशेब काढलेला होता. कान्हा आणि बांधवगड इथल्या वाघांची विष्ठा त्यांनी पर्यटनाच्या दिवसांत गोळा केली आणि पावसाळ्यात जंगल बंद असतानाही केली. २०१९ साली निकाल छापला. पर्यटनाच्या काळात ताणाचं माप जास्त निघालं, आणि त्याचा संबंध गाड्यांच्या आणि माणसांच्या संख्येशी लागला. गाड्यांची वर्दळ कमी करावी, असं त्यांनी सुचवलं.

"पण तो तर किती शांत चालला होता गं!"

"काका, त्यानं काय करायला हवं होतं? फॉर्म भरायला हवा होता?"

मी गप्प बसलो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात काही काळ्या अस्वलांच्या डोक्यावरून ड्रोन उडवला, त्याचीही हकीकत तिनं सांगितली. २०१५ साली ती छापून आली. अस्वलं फारशी हलली नाहीत. लांबून बघणारा म्हणाला असता, यांना काही पडलेली नाही. पण त्यांच्या शरीरात आधीच बसवलेल्या यंत्रांनी दाखवलं, की हृदयाचे ठोके वाढले होते. एकीचे तर सुमारे चौपट. म्हणजे अस्वलंही "बरं आहे" म्हणतात.

मला सर्वांत जास्त लागली ती देवमाशांची गोष्ट. कॅनडाच्या किनाऱ्याला फंडीचा उपसागर आहे. तिथे उन्हाळ्यात राइट व्हेल नावाचे देवमासे येतात. आज या जातीचे जेमतेम चारशेच्या आत उरले आहेत. ते एकमेकांना खोल आवाजात साद घालतात आणि नेमक्या त्याच पट्टीत मोठ्या जहाजांची घरघर असते. रोझ रोलंड आणि त्यांचे सहकारी तिथे देवमाशांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा गोळा करत असत. पुढे तर वासावरून ती हुडकायला त्यांनी नावेत कुत्रा नेला. २००१ साली ११ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये आणि इतरत्र तो भयंकर हल्ला झाला आणि काही दिवस जहाजांची ये-जा एकदम रोडावली. समुद्रातला आवाज सहा डेसिबलनं उतरला. आणि त्या दिवसांतल्या विष्ठेत ताणाची खूण खाली गेली. पुढच्या वर्षांशी ताडून पाहून २०१२ साली त्यांनी तो निष्कर्ष छापला.

ज्या आठवड्यात सारं जग टीव्हीसमोर गोठून बसलं होतं, त्या आठवड्यात देवमाशांना शांत झोप लागली असावी. यात देवमाशांचा दोष नाही, त्यांना बातमी कोण सांगणार? आपलं सर्वांत वाईट चाललेलं असताना दुसऱ्या कोणाला तरी बरं वाटलं, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. जहाजवाले काही खलनायक नव्हते. त्यातल्या एखाद्या जहाजात कोणाच्या तरी मुलांची खेळणी असतील. मीही कान्हाला वाघाच्या प्रेमानंच गेलो होतो. त्रास देणाऱ्याच्या मनात प्रेम असलं की आकडा कमी भरतो, असा काही नियम पुतणीच्या शास्त्रात नाही.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. म्हटलं, मग हा आकडाच प्रमाण धरू. ज्यानं कॉर्टिसॉल वाढतं ते पाप, ज्यानं कमी होतं ते पुण्य. नीतिशास्त्र दोन रकान्यांत बसलं! पण पुतणीनं तोही आनंद टिकू दिला नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कर्नाटकातले हत्ती तपासले. अभयारण्यातले आणि शेतात घुसून पिकं खाणारे. सगळ्यांची अटकळ अशी, की माणसांच्या फटाक्यांनी आणि आरडाओरड्यानं शेतातल्या हत्तींची तारांबळ उडत असणार. २०१९ साली निकाल आला तो उलटा. पिकं खाणाऱ्यांचा ताण कमी! संशोधकांना वाटतं, की सकस खाण्याचा तो गुण असावा.

मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या शाखेत एक कर्जदार आहेत. सात वर्षांत त्यांनी हप्ता भरलेला नाही. गृहस्थ गुलाबासारखा टवटवीत. आणि त्यांना जामीन राहिलेले मास्तर? नोटीस न येताही पोस्टमनला बघून पांढरे पडतात. दोघांचं कॉर्टिसॉल मोजलं तर सज्जन कोण ठरेल? तेव्हा आकडा आपल्याला फक्त एवढं सांगतो, की कोणाच्या अंगावर किती ओझं पडतंय. ते ओझं रास्त आहे का, आणि उतरवायचं कोणी, हे विष्ठेत लिहिलेलं नसतं. तो भाग आपल्यालाच सोडवावा लागतो.

आणि एक शंका मला राहून राहून सतावत होती. बँकेत दुसऱ्याचं खातं कारणाशिवाय उघडून बघणं हा अपराध आहे. एक पैसा इकडचा तिकडे केला नाही, नुसतं पाहिलं, तरीसुद्धा. मग वाघाला न विचारता त्याचं आतलं गुपित वाचणं हे कुठल्या नियमात बसतं? सुई टोचली नाही हे मान्य. पण न टोचता डोकावता येतंच की! चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कचऱ्याच्या डब्यातल्या सालपटांवरून कोणाकडे हापूस आला ते शेजारणींना कळत असे.

पुतणी जरा वेळ थांबून म्हणाली, "परवानगी तर मिळणार नाही, काका. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. वाचलं, की आपण देणं लागतो. नुसतं कळावं म्हणून वाचायचं नाही."

हे सगळं मी वाघांच्या खात्यावर टाकून मोकळा झालो असतो. पण ती दिवाळीला आमच्याकडे आली.

आमच्या घरात अण्णा असतात, माझे वडील. वय शहात्तर. आई गेल्यापासून आमच्याकडेच आहेत. त्यांना कसलाही त्रास होऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं, हे माझ्याच तोंडानं सांगतो. पूर्वी ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शन काढायला त्यांच्या बँकेत जायचे. म्हटलं, कशाला खेटे घालता? कार्ड घेऊन दिलं. मग तेही नको म्हणून माझ्या फोनवरच सगळं करून टाकलं. लाइटबिल ते स्वतः भरायचे, तेही फोनवर घेतलं. भाजी घरपोच यायला लागली. वर्षभरात मी त्यांच्या डोक्यावर एक काम ठेवलं नाही. शिवाय चौकशीत कसूर नाही. सकाळी निघताना "अण्णा, बरं आहे ना?", अकराला फोन करून "बरं आहे ना?", तीनला पुन्हा, आणि आल्याबरोबर चपला काढायच्या आत. चारही वेळा उत्तर एकच.

वर मी ब्लडप्रेशरचं यंत्र आणलं. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा आणि आकडा वहीत लिहायचा. आकडा नेहमी चढलेला. डॉक्टर म्हणाले, "इतक्या वेळा मोजू नका. काही लोकांचं मोजताना चढतं." मला वाटलं, डॉक्टर तरुण आहेत. मी दोन आकडे वहीत लाल शाईनं लिहिले.

पुतणी चार दिवस राहिली. तिनं आजोबांना एकदाही "कसे आहात?" म्हणून विचारलं नाही. मला ते जरा खटकलंच. आपली मुलं शिकून कोरडी होतात, असं मी हिच्याजवळ बोललोदेखील. तिसऱ्या दिवशी रात्री गॅलरीत ती म्हणाली, "काका, आजोबांचं घड्याळ चार वीसला बंद पडलंय."

"किल्लीचं आहे. जुनं आहे."

"किल्ली द्यायला ते एक दिवस चुकत नसत. आणि त्यांच्या बाहेरच्या चपलांवर धूळ आहे. पेपर घातलाय तसाच घडीचा असतो, कोडं सोडवलेलं नसतं." एवढंच बोलून ती झोपायला गेली. निष्कर्ष सांगितला नाही. शास्त्रज्ञांची ही एक वाईट सवय आहे.

सकाळी इस्त्रीवाला हिशेबाला आला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "अण्णांचे किती?"

"आजोबांचे कुठे येतात, साहेब? किती महिने झाले. आधी दर महिन्याला पांढरा शर्ट असायचा, पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी. कडक लागायचा त्यांना."

मी एकवीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो आहे. पहिल्या तारखेला पेन्शनर येतात, ते नुसत्या पैशाला येत नाहीत, हे मला माहीत नाही तर कोणाला? उघडायच्या अर्धा तास आधी येऊन पायरीवर बसतात. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकमेकांना औषधं सांगतात, सुनांच्या तक्रारी करतात, मागच्या महिन्यात आलेला एखादा या महिन्यात दिसला नाही की जरा गप्प होतात. आम्ही आत बसून "गर्दी करतात म्हातारे" म्हणतो. त्या पायरीवरून माझ्या बापाला मीच उठवलं होतं. उठवलं, आणि दिवसातून चार वेळा विचारत होतो, बरं आहे ना?

वाघामागच्या अकरा जिप्सी मी मोजल्या होत्या. बारावी घरातच फिरत होती, ती मोजायची राहिली.

त्या दिवशी मी पट्ट्याचं यंत्र कपाटावर टाकलं आणि अण्णांना म्हटलं, "अण्णा, त्या फोनवरच्या हिशेबाचं काही खरं नाही. पासबुकात एंट्री मारल्याशिवाय मला काही कळत नाही. पहिल्या तारखेला जरा जाऊन याल का?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तू बँकेत काम करतोस ना?" ते म्हणाले. पण आदल्या दिवशी शर्ट इस्त्रीला गेला. सकाळी घड्याळाला किल्ली दिल्याचा आवाज मी आतल्या खोलीतून ऐकला.

दुपारी एकला अण्णा परतले ते तणतणतच. पासबुकाचं मशीन बंद, लाइन ही एवढी, काउंटरवरची पोरगी मान वर करत नाही, गुडघा दुखतोय, आणि रिक्षावाल्यानं सुट्टे दिले नाहीत. त्या वेळी त्यांचं कॉर्टिसॉल मोजलं असतं तर नक्की चढलेलं निघालं असतं. हे सगळं सांगत सांगत ते दोन वेळा आमटी मागून जेवले आणि तीन वाजेपर्यंत झोपले. ओव्हरड्राफ्ट उचलला आणि फेडून टाकला. मी त्यांना कर्जमुक्त करायला निघालो होतो. पण खात्यावर काही उलाढालच झाली नाही की आम्ही त्या खात्याला काय म्हणतो? निष्क्रिय खातं.

आता तीनचा फोन मी करत नाही. संध्याकाळी आलो की चपलांकडे बघतो, पेपरातलं कोडं बघतो. कोडं अर्धं सुटलेलं असलं की बरं वाटतं. कान्हाला पुन्हा जाईन की नाही, सांगत नाही. जिवाला वाटतं जावं. गेलो तर निदान वाघ शांत होता असं म्हणणार नाही.

परवाचीच गोष्ट. बँकेत दिवस वाईट गेला होता. कॅशमध्ये दोन हजार कमी भरले आणि ते माझ्या खिशातून गेले. घरात कोणाला बोललो नव्हतो. जेवण झाल्यावर अण्णा कोडं घेऊन बसले होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "डब्यातल्या दोन पोळ्या परत आल्यात."

मी चमकलो. "तुम्ही माझा डबा बघता?"

"तू दुसरीत होतास तेव्हापासून बघतोय," अण्णा म्हणाले. "आडवे चार. तीन अक्षरी. शेवटी ‘ड’. सांग बघू."